एका घरात किती पाकिटं? घरखर्च, घरातले निर्णय आणि सरकारी योजना यांच्या पाहणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन खर्च, कमाई, शिक्षण, योजनांचे पैसे यांची माहिती गोळा करणारे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या दारात असे सर्व्हेवाले येतात ती मंडळी, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे.

घरातल्या निर्णयांचा अर्थशास्त्राशी संबंध काय? तो तर घरगुती मामला आहे.

फार मोठा संबंध आहे. मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, सुनेने नोकरी करायची की नाही, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यंदा की पुढच्या वर्षी, बोनसमधून फ्रिज घ्यायचा की कर्ज फेडायचं, हे सगळे तुटपुंज्या पैशाच्या आणि वेळेच्या वाटपाचे निर्णय आहेत. सरकार अन्नधान्य, पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा रोख रक्कम देतं तेव्हा ती उंबरठ्यापर्यंत पोचते. पुढचं वाटप घर करतं.

बरीच वर्षं अर्थशास्त्रात घर म्हणजे एक पाकीट, एक मन असं धरलं जायचं. १९९२चं नोबेल मिळालेल्या गॅरी बेकर यांनी कुटुंबाचं अर्थशास्त्र उभं केलं, त्यातही घराचं हित जपणारा एक कर्ता आहे असंच गृहीत होतं. अमर्त्य सेन आणि इतर अभ्यासकांनी दुसरी बाजू मांडली: घरात सहकार्यही असतं आणि ओढाताणही, आणि ज्याच्याकडे स्वतःची कमाई, मालमत्ता किंवा माहेरचा आधार असतो त्याचं म्हणणं जास्त ऐकलं जातं. आमचं काम या दुसऱ्या बाजूवर उभं आहे, कारण पुरावे तिच्याच बाजूने आहेत.

पैसे घरात आले म्हणजे झालं. कोणाच्या हातात आले याने खरंच फरक पडतो?

पडतो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची करसवलत बंद झाली आणि तिच्या जागी आईला थेट भत्ता मिळू लागला. आधीची सवलत बहुतेक वडिलांच्या पगारात जमा व्हायची. त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. घर तेच होतं, फक्त पैसे घेणारा हात बदलला होता.

दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात वृद्धांचं पेन्शन कृष्णवर्णीयांपर्यंत पूर्ण प्रमाणात पोचलं. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी त्याच घरात राहणाऱ्या नातवंडांची वजनं-उंची तपासली. पेन्शन आजीला मिळत असलेल्या घरांत नातींची वाढ सुधारली होती. आजोबांना मिळत असलेल्या घरांत तसा फरक दिसला नाही.

आपल्या जवळचा अभ्यास मध्य प्रदेशातला आहे. रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं, तेव्हा बायकांचं घराबाहेरचं काम वाढलं. नुसतं खातं उघडून एवढा परिणाम झाला नाही. म्हणून फॉर्मवर ‘तुमच्या नावावर बँक खातं आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. पुढे तीन प्रश्न घाला: पैसे जमा झाल्याचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो? एटीएम कार्ड कोणाकडे असतं? शेवटचे पैसे काढायला कोण गेलं होतं? खातं कागदावर तिचं आहे की हातात, हे या तीन उत्तरांतून कळतं.

आपल्याकडच्या कायद्यांत हे कुठे दिसतं?

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई धरली जाते. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. घोडबंदर रोडवर ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर हे ८० हजार रुपये होतात, म्हणून बायकोचं नाव कागदावर येतं. नाव आल्याने विक्रीच्या वेळी तिचं मत विचारलं जातं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५च्या कायद्याने आला तो ग्रामीण रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेल्या कल्पनेतून ही योजना १९७२च्या दुष्काळात आकाराला आली आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचा आधार मिळाला. शहरातल्या नोकरदाराचा गावातल्या मजुराशी असा थेट धागा दुसऱ्या कुठल्या कपातीत सापडत नाही. २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना या करातून सूट आहे.

लाडकी बहीण योजनेचा घरावर काय परिणाम झाला हे मोजायचं आहे. कसं मोजू?

आधी काय करू नये ते सांगतो. जुलै २०२४ आधीचा खर्च आणि नंतरचा खर्च यांची वजाबाकी करू नका. मधल्या काळात भाव बदलले, सण आले, पगार बदलले. लाभ मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या बायकांची सरळ तुलनाही करू नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं तरच लाभ मिळतो, म्हणजे दोन्ही गट मुळातच वेगळे आहेत.

मग अटींच्या काठावर बघायचं असं बरेच जण म्हणतात. वयाची अट २१ ते ६५ आहे, तर ६४ वर्षांच्या आणि ६६ वर्षांच्या बायकांची तुलना करा. कल्पना चांगली आहे, पण त्यात एक खड्डा आहे. ६५व्या वर्षी श्रावणबाळ योजना सुरू होते, तीही १,५०० रुपयांची. गरीब घरांत एक योजना जाते आणि दुसरी येते. त्यामुळे परिणाम शून्य दिसतो आणि विद्यार्थी ‘योजनेचा काहीच उपयोग नाही’ असं लिहून मोकळे होतात. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार इतकी कमी आहे, म्हणून त्या मर्यादेच्या वरच्या घरांपुरतीच ही तुलना करा.

दुसरा खड्डा जन्मतारखेचा. साठीच्या पुढच्या बऱ्याच जणींच्या आधारकार्डावर १ जून किंवा १ जानेवारी असते. ती शाळेत किंवा कॅम्पात अंदाजाने टाकलेली तारीख आहे. अशा तारखा वेगळी खूण करून ठेवा आणि त्यांच्याशिवाय हिशेब पुन्हा करून बघा.

२१ वर्षांच्या काठावर अडचण निराळी आहे. लग्न न झालेल्यांपैकी घरातल्या एकीलाच लाभ मिळतो, शिवाय त्याच वयात कॉलेज संपतं आणि लग्नंही ठरतात. तिथे आमचा सल्ला एकच: तो काठ सोडून द्या.

परिणाम कशावर बघायचा तेही आधी लिहून ठेवा. एकूण घरखर्चात १,५०० रुपये बुडून जातात, दिसत नाहीत. तिचा स्वतःचा दवाखाना, चष्मा, मुलीची क्लासची फी, बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानातली उधारी, अशा पाच-सहा ठरावीक बाबी घ्या.

‘घर’ म्हणजे नक्की कोण कोण?

एका चुलीवर जेवणारी माणसं. सरकारी पाहण्यांतही हीच कसोटी आहे. रेशनकार्डावरची नावं, फ्लॅटचा मालक, आडनाव यांपैकी काहीच चालत नाही.

दिव्यात एका खोलीत चार मुलं भाड्याने राहतात आणि प्रत्येकाचा डबा वेगळ्या ठिकाणाहून येतो, तर ती चार घरं. घणसोली गावठाणात खाली आई-वडील, वर थोरला मुलगा, गॅस वेगळा, तर दोन घरं. पण सून रोज संध्याकाळी खालीच स्वयंपाक करत असेल तर एक. नोकरीसाठी दुबईत असलेला मुलगा घरात धरायचा नाही, त्याने पाठवलेले पैसे मात्र धरायचे. गॅसची जोडणी किती हे विचारून फसगत होते. ‘काल रात्रीचा स्वयंपाक कोणाकोणासाठी केला?’ असं विचारा.

किती घरं घ्यावीत?

९५ टक्के खात्री आणि ५ टक्क्यांची चूक चालणार असेल तर सूत्राने ३८४ येतात. पण तुम्ही शहरभर विखुरलेली घरं घेत नाही, वस्त्यांचे गठ्ठे घेता, आणि एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. म्हणून दुप्पट करा: ७६८. पाचातलं एक घर बंद असेल किंवा नकार देईल, म्हणून ०.८ने भागा: ९६०. म्हणजे ४८ वस्त्या आणि प्रत्येकी २० घरं. पैसे कमी असतील तर वस्त्या कमी करू नका, प्रत्येक वस्तीतली घरं कमी करा.

घरं निवडताना वस्तीतल्या सगळ्या दारांची यादी करा. १,२०० दारं निघाली आणि २० हवीत, तर प्रत्येक ६०वं दार. सुरुवात १ ते ६० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. घर बंद असेल तर तीन वेळा जा, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी. शेजारचं उघडं घर बदली म्हणून घेतलंत तर नवरा-बायको दोघं नोकरी करणारी घरं तुमच्या पाहणीतून गळून जातील, कारण दिवसा कुलूप त्यांच्याच दाराला असतं.

ठाण्याचे जनगणनेचे आकडे वापरले तर चालतील?

जपून. २०११च्या जनगणनेतल्या ठाणे जिल्ह्यात, १ कोटी १० लाख लोकसंख्येत, पालघरही आहे. तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याचे पाडे आणि नौपाडा यांची सरासरी एकत्र केली तर ती कुठल्याच घराची नसते. नवी मुंबईचंही तसंच. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची महापालिका ठाणे जिल्ह्यात, खारघर-कळंबोली-पनवेल रायगडमध्ये. ‘नवी मुंबई’ म्हणताना तुम्ही कोणती धरली ते पहिल्या पानावर लिहा. घोडबंदरचे टॉवर आणि दिव्यातल्या चाळी २०११नंतर इतक्या वाढल्या आहेत की जुनी यादी तिथे निरुपयोगी आहे, चालत जाऊनच नवी करावी लागते.

सोसायटीत वॉचमन आत सोडत नाही.

आधी सेक्रेटरीला पत्र द्या, त्यावर कॉलेजचा किंवा संस्थेचा शिक्का, प्रमुखाचा फोन आणि भेटीची तारीख हवी. नोटीस बोर्डावर एक प्रत लावायला सांगा. रविवारी सकाळी ११ ते १ ही टॉवरमधली सगळ्यात चांगली वेळ. कमिटीने ‘आम्ही देतो ना चार घरं’ म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा, ती चार घरं कमिटीच्याच माणसांची असतात. नकार आलेल्या दारांचा मजला आणि घराचा आकार तरी नोंदवा, म्हणजे कोण सुटलं याचा अंदाज येतो.

उत्तर कोणाकडून घ्यायचं, आणि केव्हा?

शक्य असेल तिथे दोघांकडून, वेगवेगळं. नवऱ्याला भाडं, हप्ता, लाईट बिल पाठ असतं. भाजी, दूध, मुलांची वह्या-पुस्तकं, दुकानातली उधारी बायकोला. एकाच माणसाकडून पूर्ण फॉर्म भरून घेतला तर अर्धा अंदाजाने भरला जातो.

एका खोलीच्या घरात खासगीपणा मिळत नाही हे खरं. उपाय साधा आहे: दोन जण जा. एकाने पुरुषाला बाहेर ओट्यावर घराचे, नोकरीचे प्रश्न विचारत बसायचं, दुसरीने आत. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर निर्णयांचे प्रश्न तिथेच सोडा आणि रिकाम्या रकान्यात कारण लिहा. सासूसमोर मिळालेलं उत्तर रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

नळाला पाणी यायच्या वेळी कोणाच्या दारात जाऊ नका. वस्तीची पाण्याची वेळ पहिल्या दिवशीच विचारून घ्या. रात्री आठनंतर लोकलने दमून आलेल्या माणसाला ४० मिनिटांचा फॉर्म देणं हा अन्यायच आहे, त्याच्यासाठी दहा मिनिटांचा छोटा भाग वेगळा ठेवा.

खर्च कसा विचारायचा? लोकांना आठवत नाही.

वस्तूनुसार कालावधी बदला. भाजी, फळं, तेल, अंडी-मासे-मटण: मागचे ७ दिवस. धान्य, डाळी, लाईट बिल, भाडं: ३० दिवस. कपडे, फी, हॉस्पिटल, मोबाईल-फ्रिज: ३६५ दिवस. २०२२-२३च्या सरकारी खर्च-पाहणीत तर एकाच घरी तीन महिन्यांत तीन भेटी दिल्या, प्रत्येक वेळी वेगळी प्रश्नावली. एका बैठकीत ४०० वस्तू विचारल्या की दोनशेनंतर माणूस ‘नाही, नाही’ म्हणत सुटतो.

सात दिवसांची अडचण आपल्याकडे वारांची आणि महिन्यांची. श्रावणात, मार्गशीर्षात मासे-मटणाचा रकाना रिकामा येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, भाव चढे. गणपतीत मिठाई आणि गावी जाण्याचा खर्च, जूनमध्ये शाळा. म्हणून एका महिन्यात सगळी घरं उरकू नका, वस्त्या बारा महिन्यांत वाटा. ते जमत नसेल तर अहवालात महिना ठळक लिहा.

रेशनचं धान्य विसरू नका. जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना ते मोफत आहे, म्हणून लोक ‘खर्च शून्य’ सांगतात. किलो लिहा, किंमत नंतर लावता येते. सरकारी आकड्यांतही २०२३-२४ साठी शहरी भागात दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आणि मोफत वस्तूंची किंमत धरून ७,०७८ असे दोन आकडे आहेत. तुलना करताना कोणता घेतला ते सांगा.

भिशी, हप्ता, हेवी डिपॉझिट, सोनं हे कुठे लिहायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

भिशी ना खर्च, ना उत्पन्न. दहा बायका, दरमहा २,००० ची भिशी घ्या. नंबर लागला की २०,००० मिळतात. हे उत्पन्नात लिहिलं तर ते घर त्या महिन्यात श्रीमंत दिसतं. खरं म्हणजे काही रक्कम तिचीच साठवलेली, उरलेली उसनी. बोलीची भिशी असेल तर आणखी नीट ऐका. घाईची गरज असलेली बाई १७,००० वर बोली लावते, उरलेले ३,००० दहा जणींत वाटले जातात, प्रत्येकी ३००. हे ३,००० म्हणजे लवकर पैसे मिळवण्याची किंमत, व्याजाच्या जागी. तिने ती घाई कशासाठी केली हे विचारा. बहुतेक वेळा दवाखाना किंवा फी निघते, आणि घरातला खरा निर्णय तिथे सापडतो.

घराचा हप्ता हा कर्जफेडीत जातो, उपभोग खर्चात नाही. त्यामुळे भाड्याच्या घरातला माणूस मालकापेक्षा जास्त खर्चिक दिसतो. दोघांची तुलना करायची तर भाडं वगळून करा. कोपरखैरणेत हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत देऊन, राहणाऱ्यांचं भाडं शून्य दिसतं, तिथे डिपॉझिटची रक्कम आणि मुदत लिहा. सोनं बचतीत धरा, पण ते कोणाचं आणि गहाण कोणाच्या मर्जीने पडलं हे दोन प्रश्न वेगळे विचारा.

बाई म्हणते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’

‘काम करता का?’ या प्रश्नाचं हेच उत्तर येतं. प्रश्न बदला. ‘काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं’ असं अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारा. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीची पद्धत हीच आहे. त्यातून इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणं, डबे करणं, शिकवण्या बाहेर येतात. नगावर मिळणारा दर आणि दिवसाचे नग दोन्ही लिहा. २०२४च्या त्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. ‘घरीच असते’ या दोन शब्दांत जवळजवळ पाच तास दडलेले असतात.

मराठी माध्यम की इंग्रजी, यावर संशोधन आहे का?

आहे, आणि ते इथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावरच्या दादरचं आहे. कैवन मुनशी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांचा २००६चा अभ्यास. जातीच्या ओळखीतून कामगार म्हणून नोकऱ्या मिळत होत्या त्या घरांतली मुलं मराठी माध्यमात जात राहिली. मुलींसाठी तशा नोकऱ्यांची साखळी कधी नव्हतीच, म्हणून त्या घरांतल्या मुली बदलत्या बाजारात इंग्रजीकडे जास्त वळल्या. माथाडी कामगारांच्या कोपरखैरण्यातल्या घरांत किंवा संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर भाडं मिळवणाऱ्या प्रकल्पग्रस्त घरांत हाच प्रश्न आज विचारण्यासारखा आहे. भावाला आणि बहिणीला एकाच माध्यमात घातलं का, हे प्रत्येक मुलाचं नाव घेऊन स्वतंत्र विचारा.

आमच्या दारात सर्व्हेवाले आले आहेत. काय सांगावं, काय सांगू नये?

ओळखपत्र बघा, संस्थेचा नंबर घेऊन फोन करा. ओटीपी, पिन, आधारचा फोटो कुठल्याही खऱ्या पाहणीला लागत नाही. कोणी मागितलं तर दार लावा. खासगी किंवा कॉलेजच्या पाहणीत एखाद्या प्रश्नाला किंवा सगळ्यालाच नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यामुळे कुठलीही योजना बंद होत नाही.

नवरा-बायकोची उत्तरं जुळत नाहीत. कोणतं खरं धरू?

दोन्ही ठेवा. तो म्हणतो फ्रिज दोघांनी ठरवून घेतला, ती म्हणते दुकानात गेल्यावर कळलं. याची सरासरी काढू नका, परत जाऊन ‘खरं काय’ म्हणून दोघांना समोरासमोर तर अजिबात बसवू नका. तिला त्याची किंमत तुम्ही गेल्यावर मोजावी लागते. दोन स्वतंत्र रकाने करा आणि दोघांचे फॉर्म वेगळ्या पाकिटात ठेवा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये, दुसऱ्या भेटीच्या वेळी पिशवीतून कागद काढतानासुद्धा.